आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी

दिवाळीच्या आगेमागे आमच्याकडे कापसाचा हंगाम असतो आणि त्याच सुमारास माझ्या दवाखान्यात कंबरेचा हंगाम असतो. दसऱ्यापासून लक्ष्मीपूजनापर्यंत गादीवरून न हललेले व्यापारी, फराळाच्या परातीपुढे चार-चार तास बसलेल्या गृहिणी आणि कोजागिरीला कावड घेऊन पायी सप्तशृंगगडावर जाऊन आलेली तरुण मंडळी, अशी सगळी एकाच बाकावर येऊन बसतात. तक्रार एकच, "डॉक्टरसाहेब, कंबर धरली." साक्रीकडचा कोणी असला तर "कंबर दुखस" एवढेच म्हणतो आणि हात पाठीमागे नेऊन जागा दाखवतो. त्या जागेला मलमाचा वास येत असतो. शेक झालेला असतो, पट्टा बांधून झालेला असतो, गल्लीतल्या कोणाकडून तरी कंबर चोळून घेतलेली असते.

मी विचारतो, "जिभाऊ, दुखते ती जागा मागाहून पाहू. आधी सांगा, दिवसाकाठी तुमची मांडी पोटापासून सरळ किती वेळ असते?" या प्रश्नाने माणूस बुचकळ्यात पडतो. पण पुष्कळांच्या बाबतीत उत्तर तिथेच असते. दुखते मागे आणि ओढ असते पुढून. आग रामेश्वरी लागलेली असते आणि आपला बंब सोमेश्वरी पाणी मारीत असतो.

ही पुढची ओढ कसली, ते आधी सांगितले पाहिजे. पोटात, आतड्यांच्याही मागे, कण्याच्या दोन्ही अंगांना एकेक जाड स्नायू आहे. डॉक्टरी पुस्तकांत त्याला 'सोआस' म्हणतात. छातीच्या शेवटच्या मणक्यापासून कंबरेच्या मणक्यांना धरीत धरीत तो खाली उतरतो, ओटीपोटाच्या हाडावरून जांघेत येतो आणि मांडीच्या हाडाला वरच्या टोकाजवळ आतल्या अंगाने चिकटतो. खुब्याच्या पसरट हाडाच्या आतून पंख्यासारखा पसरलेला दुसरा एक स्नायू येऊन त्याला मिळतो. तिसरा मांडीच्या दर्शनी बाजूने थेट गुडघ्याच्या वाटीपर्यंत जातो. या मंडळींचे मुख्य काम म्हणजे मांडी पोटाकडे उचलणे. जिना चढताना, रिक्षात पाय टाकताना, अंथरुणातून उठून बसताना आपण त्यांनाच राबवतो. कंबरेचे मणके आणि मांडीचे हाड यांना थेट जोडणारा स्नायू हा सोआसच. म्हणून त्याने जांघेत कुरकुर केली की ती कंबरेत ऐकू येते.

आता असे पाहा. बसलेल्या माणसाची मांडी पोटाशी घडी घातलेली असते, म्हणजे हा स्नायू आखडलेल्या स्थितीत असतो. दुकानात तसाच, मोटारसायकलवर तसाच, जेवताना तसाच आणि रात्री थंडीत पाय पोटाशी घेऊन निजलो तर झोपेतही तसाच. शरीर मोठे हिशेबी असते. जी लांबी वापरात नाही ती सांभाळण्याचा खर्च ते करीत नाही. चालताना मागचा पाय खुब्याच्या जरा मागे जावा लागतो, त्यासाठी पुढचा स्नायू मोकळा सुटावा लागतो. तो सुटला नाही तर पाऊल तोकडे पडते किंवा पाय मागे गेल्याचा आव आणण्यासाठी कंबरेला आत बाक द्यावा लागतो. दर पावलाला थोडा बाक, आणि गडापर्यंत पावले किती, हे कावड नेणाऱ्याने मोजावे! वर्षभर काउंटरमागे बसलेला तरुण चार दिवस सलग चालतो तेव्हा त्याचे पाय भरून येतात ते समजण्यासारखे असते. कंबर कशाने गेली, हे त्याला उमजत नाही.

येथे आमच्याकडच्या एका लाडक्या मताविषयी दोन शब्द बोलणे भाग आहे. "खुर्ची आली आणि कंबर गेली. आमचे वाडवडील जमिनीवर मांडी घालून बसत, त्यांना कुठे होते असले आजार?" असे जळगावच्या दाणा बाजारात आणि धुळ्याच्या आग्रा रोडवर मी शंभरदा ऐकले आहे. यात अर्धे सत्य आहे. खाली बसण्या-उठण्याने खुबे आणि गुडघे वळणदार राहतात, हे खरेच. पण या स्नायूच्या खतावणीत खुर्ची, मांडी घालणे आणि उकिडवे बसणे ही तिन्ही एकाच बाजूला पडतात. तिन्हींत घडीच आहे. लोडाला टेकून बसणारे शेठजी आणि फिरत्या खुर्चीवर बसणारे त्यांचे चिरंजीव, दोघांचे खाते एकच.

मग जुन्या माणसांना तारले कशाने? बसण्याने नव्हे, उठण्याने. आसोद्याच्या बहिणाबाई चौधरींची गाणी जात्यावर आणि शेतात जन्मली, हे आपण अभिमानाने सांगतो. त्या दळणाकडे डॉक्टरच्या नजरेने पाहा. दळणारी बाई बहुधा एक पाय लांब सोडून, एक दुमडून बसे आणि प्रत्येक फेऱ्याला अंग पुढे-मागे झुले. दळण झाले की उठून पाणी आणायचे आणि मग शेताची वाट धरायची. घडी पडे आणि लगेच मोडे. आपण घडी तेवढी ठेवली, मोडणे सोडून दिले.

हे दुखणे ओळखावे कसे? बराच वेळ बसून उठले की पहिली आठ-दहा पावले वाकून टाकावी लागतात, मग अंग सरळ होते. जांघेत पुढच्या बाजूला ओढ लागते किंवा कंबरेत आडवा पट्टा बांधल्यासारखे वाटते. उताणे झोपून पाय लांब केले की कंबर अवघडते आणि गुडघ्यांखाली उशी घेतली की बरे वाटते. गाडीत चढताना हाताने पाय उचलावासा वाटतो. ज्यांचा पाय एकसारखा उचलला जातो त्यांचा त्रास आणखी निराळा. एस.टी.च्या चालकाचा डावा पाय क्लचवर दिवसभरात किती वेळा चढतो-उतरतो, याचा हिशेब करा. धुळे-जळगाव हे अंतर सुमारे नव्वद किलोमीटरचे. आठवड्यातून एकदा मी ते उतारू म्हणून बसून काटतो आणि उतरताना जांघेला हात लावतो, मग त्या चालकाचे काय होत असेल?

एक घरगुती परीक्षाही आहे. लिव्हरपूल येथे ह्यू ओवेन थॉमस (१८३४-१८९१) नावाचा एक शल्यवैद्य होऊन गेला. वेल्समधल्या पिढीजात हाडवैद्यांच्या घराण्यातला हा माणूस. हाडवैद्याच्या हाताची जाण आणि डॉक्टरी विद्या, दोन्ही त्याच्या ठायी एकत्र आली. खुब्याच्या आजारासाठी त्याने काढलेली परीक्षा आजही आम्ही त्याच्याच नावाने करतो. टणक पलंगाच्या कडेला बसावे, तेथूनच सावकाश उताणे पडावे आणि एक गुडघा दोन्ही हातांनी छातीशी धरावा. दुसरा पाय सैल सोडून द्यावा. कंबर पलंगाला टेकलेली असताना त्या सैल पायाची मांडी पलंगाला टेकली तर ठीक. ती अधांतरी वर राहिली तर पुढचे स्नायू आखडले आहेत असे समजावे. दोन्ही बाजूंनी पाहावे. एका बाजूची मांडी दुसरीपेक्षा अधिक वर राहिली तर दुखणे कोणत्या अंगाचे तेही कळते.

उपायाकडे वळण्यापूर्वी वाचकांना थोडे थांबवितो. थॉमसने ही परीक्षा काढली ती गादीवरच्या शेठजींसाठी नव्हे. त्या काळी मुलांच्या खुब्याला क्षय होई, त्यात मांडी सरळ होत नसे, ते ओळखण्यासाठी ती होती. तो क्षय आपल्याकडून अजून गेलेला नाही. कण्याला क्षय झाला तर पू याच सोआसच्या पिशवीतून घरंगळत खाली येतो आणि जांघेत गाठ होऊन दिसतो. अशा रोग्याचीही मांडी सरळ होत नाही. बारीक ताप, रात्री घाम, उतरलेले वजन, विसाव्यालाही न थांबणारे दुखणे, यांपैकी काही असेल तर ताणाचे व्यायाम करीत बसणे म्हणजे घर पेटले असता अंगण झाडणे होय. तपासणी करून घ्यावी. क्षयाची औषधे सरकारी दवाखान्यांतून विनामूल्य मिळतात आणि ती पूर्ण घेतली तर रोग बरा होतो.

दुसरी गोष्ट खास आपल्या भागाची. साक्री, शिरपूर, नंदुरबारकडे आणि चोपडा, यावल, रावेरच्या सातपुडा पायथ्याशी आदिवासी बांधवांत सिकल सेल हा रक्ताचा आनुवंशिक विकार आढळतो. तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. मांडीच्या हाडाच्या गोल डोक्याला रक्त पुरविणाऱ्या वाहिन्या मुळातच बारीक. त्या तुंबल्या की हाडाचा तेवढा भाग मरतो आणि हळूहळू खचतो. वीस-पंचवीस वर्षांचा पावरा किंवा भिल्ल तरुण "जांघ दुखते" म्हणत लंगडत आला, तर आखडलेल्या स्नायूचा विचार मी सगळ्यांत शेवटी करतो. रक्ताची तपासणी साधी आहे. १ जुलै २०२३ पासून या रोगाच्या निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीमही सुरू झाली आहे, तिचा लाभ घ्यावा. हाडाच्या या आजारात सुरुवातीचा साधा एक्स-रे निर्दोष दिसू शकतो. म्हणून एक्स-रे चांगला आला तरी दुखणे राहिले तर एम.आर.आय. करावा लागतो, हे ध्यानात असू द्या.

तिसरी गोष्ट पुड्यांची. सांधेदुखीवर रामबाण म्हणून बिननावाच्या पुड्या किंवा गोळ्या बाजारी विकल्या जातात. पहिल्या दिवशी चमत्कार वाटावा असा गुण येतो, तो पुष्कळदा त्यांत मिसळलेल्या स्टिरॉइडचा असतो. महिनोन् महिने ते पोटात गेले तर हाडाचे तेच डोके असेच मरू शकते. अतोनात दारूनेही तेच होते. कंबर बरी व्हावी म्हणून खुबा घालवणे हा कोणत्याच वहीत बसणारा व्यवहार नव्हे.

याखेरीज खोकताना जांघेत फुगणारी गाठ म्हणजे अंतर्गळ असू शकतो. वृद्ध माणूस पडल्यानंतर जांघ दुखत असेल आणि पाय टाकवत नसेल तर हाड मोडले नाही ना, ते त्याच दिवशी पाहावे. साठी उलटलेल्यांना चालता चालता पाय जड होऊन बसावेसे वाटत असेल, तर मणक्यात नसा दाबल्या जात असण्याचा संभव असतो. आणि बैठकीची जागा बधिर झाली, लघवी-शौचावरचा ताबा सुटला, तर एक रात्रही न दवडता मोठे रुग्णालय गाठावे. धुळ्यास आणि जळगावास दोन्हीकडे शासकीय वैद्यकीय महाविद्यालये आहेत, दूर जाण्याचे कारण नाही.

एवढी चाळण लावून जे उरतात, आणि तेच संख्येने फार, त्यांच्यासाठी आता उपाय सांगतो.

प्रथम काय करू नये ते पाहू. शेकाने बरे वाटते, तो खुशाल घ्यावा. पण मलम त्या खोल स्नायूपर्यंत पोचत नाही. कोणी पोटात बोटे खुपसून 'नस मोकळी' करू लागला तर त्याला हात जोडावेत. तेथे आतडी आहेत आणि शरीरातली सर्वांत मोठी रक्तवाहिनीही. आठ-आठ दिवस निजून राहणेही नको, ती पुन्हा एक घडीच.

मुख्य व्यायाम असा. गोधडीची घडी करून तिच्यावर उजवा गुडघा टेकावा, डावे पाऊल पुढे ठेवावे. आता उजव्या बाजूचा नितंब आवळावा आणि शेपटी पायांत घातलेल्या कुत्र्यासारखे माकडहाड खाली व आत घ्यावे. याच ठिकाणी पुष्कळांना उजव्या जांघेत ताण जाणवतो. ती स्थिती न मोडता अंग किंचित पुढे न्यावे, मनात सावकाश तीस आकडे मोजावेत आणि पाय बदलावा. प्रत्येक बाजूला दोन-तीन वेळा, रोज. पुष्कळजण माकडहाड सैल सोडून नुसतेच पुढे झुकतात. मग ताण स्नायूला न बसता कंबरेला बसतो आणि माणूस येऊन सांगतो की व्यायामाने दुखणे वाढले. गुडघे टेकवत नसतील त्यांनी थॉमसच्या परीक्षेचीच रीत वापरावी. पलंगाच्या कडेला उताणे, एक गुडघा छातीशी, दुसरा पाय कडेवरून सैल सोडलेला. ताण सोसवेल इतकाच असावा. पायात कळ उतरली तर थांबावे. गरोदर स्त्रियांनी आणि खुब्याचा सांधा बदललेल्यांनी आपल्या डॉक्टरांना विचारल्याखेरीज यातले काहीही करू नये.

पण नुसते ताणून भागत नाही. प्रागचे व्लादिमिर यांडा (१९२८-२००२) यांनी दाखवून दिले की पुढचे स्नायू आखडतात तेव्हा मागचे नितंबाचे आणि पोटाचे स्नायू बहुधा दुबळे पडलेले असतात. पुढच्या संशोधनाने या चित्रात बऱ्याच दुरुस्त्या केल्या. कंबरेला बाक असूनही ज्यांचे काही दुखत नाही अशी माणसे भरपूर आहेत, म्हणून आरशापुढे उभे राहून बाक मोजीत बसू नये. व्यवहारात मात्र बळकटी हवी, हे शाबूत राहिले आहे. त्यासाठी उताणे निजून गुडघे वर करावेत, नितंब आवळून कंबर जमिनीवरून उचलावी, पाच आकडे मोजून खाली ठेवावी. असे दहा वेळा.

शिवाय स्नायू ताठ वाटतो म्हणजे तो तोकडाच असतो असे नाही. थकलेला, दुबळा स्नायूही ताठ वाटतो. खुर्चीवर सरळ बसून, मागे न रेलता, एक गुडघा चार बोटे वर उचला आणि पंधरा आकडे मोजा. पाय थरथरला किंवा पेटका येऊ लागला तर त्या स्नायूला ताणापेक्षा कामाची गरज आहे. मग हीच परीक्षा रोज दहा वेळा केली की तिचाच व्यायाम होतो. व्यायामाला दीड-दोन महिने द्यावेत. आठ दिवसांत गुण मागू नये. जी घडी पडायला दहा वर्षे लागली ती दोन दिवसांत कशी मोडेल?

हे सारे साहेबी वाटत असेल त्यांनी आपल्या अंमळनेरची आठवण ठेवावी. स्वामी कुवलयानंद, म्हणजे पूर्वाश्रमीचे जगन्नाथ गणेश गुणे, १९१६ पासून अंमळनेरला खानदेश एज्युकेशन सोसायटीत शिकवीत आणि १९२० पासून तेथील नॅशनल कॉलेजचे प्राचार्य होते. १९२३ साली ते कॉलेज बंद पडले. १९२४ साली त्यांनी लोणावळ्यास कैवल्यधाम काढले. योगातल्या क्रिया त्यांनी क्ष-किरणांच्या यंत्राखाली तपासून पाहिल्या. आसने पवित्र आहेत म्हणून मानू नका, तपासून घ्या, ही दृष्टी खानदेशात शिकवून गेलेल्या माणसाची आहे. त्याच दृष्टीने औंधच्या पंतप्रतिनिधींनी घरोघर पोचविलेल्या सूर्यनमस्काराकडे पाहावे. एक पाय मागे लांब सोडून गुडघा टेकण्याची त्यातली अवस्था म्हणजे वर सांगितलेला व्यायामच आहे. आपण मात्र शाळेतल्या शिट्टीच्या तालावर ती दोन सेकंदांत उरकतो. ज्यांची कंबर धरते त्यांनी बारा नमस्कारांचा आग्रह सोडून चारच घालावेत आणि या अवस्थेत पाच संथ श्वास थांबावे. पाय आलटून पालटून मागे न्यावा, नाहीतर एकच अंग मोकळे होते.

राहता राहिला दिवसभराचा प्रश्न. दुकानदारांना माझे सांगणे आहे की माल दाखवायला नोकराला उठवू नका, स्वतः उठा. फोन आला की उभे राहून बोला, म्हणजे घडी आपोआप तासातून चार वेळा मोडेल. फराळ करणाऱ्या वहिनींनी लाटण्याचे काम बसून केले तर तळण्याचे उभ्याने करावे. दुपारी डुलकी घ्यावयाची ती दहा मिनिटे पालथे पडून घ्या. कंबर अवघडली तर पोटाखाली पातळ उशी घ्या. एस.टी.च्या चालकांनी मुक्कामाला चहा उभ्याने प्यावा आणि गाडीभोवती दोन फेऱ्या माराव्यात. गडाला किंवा मुक्ताईच्या पालखीबरोबर पायी जाणाऱ्यांनी निघण्यापूर्वी दोन महिने रोज चालायला लागावे आणि पहिल्या दिवसाचा टप्पा लहान ठेवावा.

यात पैशाचा खर्च नाही, म्हणून कित्येकांना ते औषधच वाटत नाही. "डॉक्टरसाहेब, काही लिहून तर द्या," असा आग्रह होतो, तेव्हा मी चिठ्ठीवर हाच व्यायाम लिहून देतो. लक्ष्मीपूजनाला गादीवर बसणे आलेच, ते आनंदाने बसा. पाडव्याला नव्या वहीचे पहिले पान उघडाल त्या सकाळी मात्र गोधडीची घडी जमिनीवर टाका, तिच्यावर गुडघा टेका आणि तीस आकडे मोजा. सर्व वाचकांना दीपावलीच्या शुभेच्छा!